ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर कुणाला आणायचंय? आधी जुन्या लिंका सांभाळा

ब्लॉगर ही गूगलची ब्लॉगसेवा, तर वर्डप्रेस हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर. ब्लॉगरवर वर्षानुवर्षं लिहिणारा माणूस वर्डप्रेसचे गुण ऐकून हलत नाही. फुकट म्हणाल, तर ब्लॉगरही फुकटच आहे. त्याची धास्ती वेगळीच असते: जुनं लेखन आणि लोकांनी जागोजागी दिलेल्या लिंका जातील. म्हणून त्याच्याकडून लेखांची बॅकअप फाइल मागून घ्या, वर्डप्रेसच्या 'टूल्स'मधल्या 'इम्पोर्ट'मधून ती चाचणी साइटवर चढवा आणि त्याचंच लेखन त्याला दाखवा. स्वतःचे लेख नव्या जागी नीट मांडलेले पाहिले, की निम्मं काम होतं.

पर्मालिंक, म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा वेबपत्ता, ब्लॉगरसारखीच ठेवा: वर्ष, महिना, लेखाचं नाव, शेवटी एचटीएमएल. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्याचं स्वतःचं असेल तर जुन्या लिंका त्यामुळे चालू राहतात. पत्ता ब्लॉगरनं फुकट दिलेला, ब्लॉगस्पॉटचा असेल, तर इतकं सोपं नाही. हे आधीच स्पष्ट सांगा, मागाहून नको.

मराठी लेखकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. ब्लॉगर देवनागरी शीर्षकाचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' असा रोमन लिपीत करतो. वर्डप्रेस मात्र देवनागरीच ठेवतो, पण साठवताना प्रत्येक अक्षरचिन्हाला 9 जागा लागतात आणि मर्यादा 200 जागांची. म्हणजे साधारण 22 चिन्हांनंतर पत्ता कापला जातो. नव्या लेखांना छोटा पत्ता हातानं द्यायला शिकवा.

चित्रं नव्या साइटवर उतरलीत का, हे तपासल्याशिवाय जुना ब्लॉग पुसू देऊ नका.