आई लातूरला आयसीयूत अन् माझं ग्रीनकार्ड पेंडिंग

दादाचा फोन आला तशी मी बॅगच भरायला घेतली. पण नवरा अमेरिकन सिटिझन असला तरी मी स्टुडंट व्हिसावरची, आय-४८५ म्हणजे ग्रीनकार्डचा अर्ज पेंडिंग असताना अ‍ॅडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, न घेता देशाबाहेर गेलं की अर्ज सोडून दिला असंच धरतात. मग इमिग्रेशन ऑफिसच्या हेल्पलाइनला फोन लावून इमर्जन्सी अपॉइंटमेंट मागितली, आय-१३१ (त्या परोलचा अर्ज), फी, फोटो, डॉक्टरचं पत्र सगळं घेऊन गेलो, ते पत्र मराठीत होतं त्यामुळं इंग्रजी भाषांतर, भाषांतर करणाऱ्याच्या सहीसकट, जोडावं लागलं, त्यात एक दिवस गेला, जीव नुसता टांगणीला! परोलचा कागद हातात आल्यावरच तिकीट काढलं. हैदराबादला उतरून थेट लातूर. आईनं डोळे उघडून विचारलं, "आलीस का माय?"

कार्ड नंतर आलं, लग्नाला २ वर्षं झाली नव्हती म्हणून २ वर्षांचंच. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ती २ वर्षांची अट काढायचा अर्ज, टाकायचाय, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.