ठाण्यात एखादीच मैफल करायची असेल, तर तयारी कशी करावी

नोकरी सांभाळून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या चार-पाच जणांनी एखादीच मैफल करायचे ठरवले, तर नित्य कार्यक्रम करणाऱ्या वाद्यवृंदाची बसलेली घडी त्यांच्यापाशी नसते आणि राहिलेली उणीव पुढच्या प्रयोगात भरून काढण्याची सोयही नसते. म्हणून किमान महिनाभर आधी कामाला लागावे.

सर्वप्रथम जागा ठरवावी. गडकरी रंगायतन किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह भरवण्याची उमेद चांगलीच, परंतु रिकाम्या खुर्च्यांसमोर गाणे फार जड जाते. त्यापेक्षा गृहसंकुलाचे सभागृह, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहातील लहान प्रेक्षागृह किंवा अत्रे कट्टा, ब्रह्मांड कट्टा यांसारखा कट्टा निवडावा. कट्ट्यावर नेमाने येणारे श्रोते असतात, ही नव्या गटासाठी मोठीच जमेची बाजू आहे. उघड्यावर गायचे असेल, तर ध्वनिवर्धकासाठी स्थानिक पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आधीच घ्यावी आणि कार्यक्रम पावणेदहापर्यंत संपेल असा आखावा, कारण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्या जागेत ध्वनिवर्धक लावता येत नाही. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून 100 मीटरच्या आतील जागा शांतता क्षेत्रात येऊ शकते, म्हणून तिचा विचारच सोडावा.

त्यानंतर गाण्यांचा क्रम लावावा, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा. पुरुष गायक काळी एकमध्ये (म्हणजे पेटीवरील पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून) आणि गायिका काळी चारमध्ये गात असेल, तर एकच तबला दोघांना पुरत नाही; लहान तोंडाचा दायाँ (उजव्या हाताचा तबला) उंच पट्टीसाठी आणि मोठ्या तोंडाचा खालच्या पट्टीसाठी, असे दोन जवळ ठेवावे लागतात. प्रत्येक गाण्यानंतर तबला बदलून पुन्हा जुळवत बसले की श्रोते आपसांत बोलू लागतात आणि जमलेली हवा निघून जाते. यासाठी एका पट्टीतील दोन-तीन गाणी सलग घ्यावीत आणि पट्टी बदलते तिथे निवेदन ठेवावे. गिटारवादकाला काळ्या पट्ट्यांसाठी कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा, लागतो. काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून ‘सी’ पट्टीतील कॉर्डच्या आकृत्या वाजवल्या की काम भागते. पावसाळ्यात दमट हवेने तबल्याची पुडी (तोंडावरचे कातडे) सैल पडते, तेव्हा तबलजीला मंचावर अर्धा तास आधी बसू द्यावे. शेवटच्या दोन तालमी कागद न पाहता, ठरलेल्या क्रमाने, मध्ये न थांबता कराव्यात.

साउंडवाल्याला ‘चार माइक लागतील’ एवढेच सांगून भागत नाही. कोण कुठे बसणार याचा साधा नकाशा, तबला-डग्ग्यासाठी दोन माइक, हार्मोनियमसाठी एक, गायकांसाठी स्वतंत्र माइक, गिटारसाठी डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडण्याची पेटी) आणि कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून निदान दोन मॉनिटर, हे सारे त्याला दोन दिवस आधी लिहून पाठवावे. साउंड चेक श्रोते येण्यापूर्वी संपवावा. त्यात आधी एकेक वाद्य, मग सर्व मिळून सर्वात मोठ्या आवाजाचे गाणे घ्यावे. स्पीकरमधून शिट्टी वाजू लागली, तर मॉनिटरचा आवाज कमी करून किंवा माइकची दिशा बदलून पाहावे.

हक्कांचा प्रश्न पुष्कळजण विसरतात. तुकोबांचे शब्द सर्वांचे असले, तरी त्यांना अलीकडे लावलेली चाल संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर 60 वर्षे संरक्षित असते. तिकीट लावून इतरांच्या रचना गायच्या असतील, तर गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना आयोजक घेणार की आपण, हे लेखी ठरवावे.

मानधनाचेही तसेच करावे. बाहेरून बोलावलेल्या तबलजीचे मानधन आणि रिक्षा-टेम्पोचा खर्च आधी बाजूला काढावा, उरलेल्यातून इतरांचा वाटा धरावा. बेलापूर-नेरूळकडून येणाऱ्या साथीदारांना ठाण्याहून पनवेलकडे जाणारी शेवटची लोकल गाठायची असते, म्हणून त्यांची पाकिटे नावे घालून मध्यंतरातच हाती द्यावीत आणि त्यांच्या वायरी वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात.