पिक्चरमधलं पात्र अचानक मेलं, आता अर्थ कसा लावायचा?

आपण त्या पात्रात पार गुंतलेलो असतो आणि काही कळायच्या आत ते मरतं, ना शेवटचा डायलॉग, ना आधी काही चाहूल. बाहेर पडताना मग दोनच वाक्यं ऐकू येतात, "उगाच मारला राव" नाहीतर "त्यात खूप डीप अर्थ आहे", आणि दोघांनीही तेवढा एकच सीन धरून ठेवलेला असतो. मला विचाराल तर मरणाचा सीन सगळ्यात कमी सांगतो, खरा माल त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा-दहा मिनिटांत असतो. (पुढे 'सायको' आणि 'सैराट' दोन्हीचे स्पॉयलर आहेत, बघितले नसतील तर आधी बघून या.)

पहिलं म्हणजे लगेच यूट्यूबवर 'एंडिंग एक्सप्लेन्ड' शोधू नका. आपल्याला काय झालं ते एका ओळीत लिहून ठेवा, राग आला का, सुन्न झालो का, फसवल्यासारखं वाटलं का. आणि राग आला असेल तर नक्की कुणाचा, मारणाऱ्याचा की डिरेक्टरचा? दुसऱ्याचं ऐकलं की हे आठवत नाही.

मग मागे जा. मरायच्या आधी त्या पात्राने शेवटचं काय ठरवलं होतं ते बघा. हिचकॉकचा 1960 चा 'सायको' घ्या. मॅरियन 40,000 डॉलर चोरून पळते आणि 109 मिनिटांच्या पिक्चरमध्ये पाऊण तासाच्या आसपास शॉवरखाली तिचा खून होतो, हिरॉईनच गेली म्हणजे पुढे बघायचं कुणाकडे? पटकन सुचतं की चोरीची शिक्षा मिळाली. पण आंघोळीला जायच्या आधी ती काय करते? परत जायचं तिने ठरवलेलं असतं, खर्च झालेल्या 700 डॉलरचा हिशोब कागदावर मांडते, तो कागद फाडते आणि टॉयलेटमध्ये फ्लश करते. म्हणजे चूक निस्तरायला निघालेल्या बाईला मारलंय, आणि शिक्षेची थिअरी इथेच लंगडी पडते.

आता पुढची दहा मिनिटं, आणि इथे मात्र घाई करू नका. मेल्यावर कॅमेरा तिच्या उघड्या डोळ्यावरून निघतो तो पेपरात गुंडाळलेल्या पैशांवर जातो, तिथून खिडकीबाहेरच्या घराकडे. ती उतरलेली असते ते मोटेल चालवणारा नॉर्मन धावत येतो, बाथरूम पुसून काढतो, बॉडी गाडीत भरतो, तो पेपरही आत काय आहे हे न बघताच डिकीत फेकतो, म्हणजे ज्या पैशांसाठी आपण इतका वेळ जीव मुठीत धरून बसलो होतो ते कचऱ्यासारखे गेले. मग गाडी दलदलीत बुडायला लागते आणि मध्येच थांबते. त्या क्षणी आपल्याला वाटतं, बुड ना लवकर! पाच-दहा मिनिटांपूर्वी मॅरियनच्या बाजूने असलेले आपण आता तिची बॉडी लपवणाऱ्याच्या बाजूने झालेलो असतो. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा हे डोक्यातच आलं नव्हतं, दुसऱ्यांदा बघताना चांगलाच चपापलो. त्या मरणाचं काम हेच होतं, आपल्याला गुपचूप पलीकडच्या बाजूला नेऊन बसवणं.

कॅमेरा आणि आवाज कुठे आहेत तेही तपासा. 'सायको'त चाकूबरोबर व्हायोलिनं किंचाळतात. 'सैराट'मध्ये (2016) बरोबर उलटं. आर्चीच्या माहेरची माणसं येतात, ती त्यांना चहा देते, पण आर्ची आणि परश्याचा खून दाखवतच नाहीत. बाहेर गेलेलं त्यांचं लहान पोरगं घरी येतं तेव्हा आपल्याला कळतं, सगळा आवाज गेलेला असतो आणि ते रडत बाहेर पडतं तेव्हा जमिनीवर रक्ताची इवलीशी पावलं उमटतात. वार दाखवले असते तर आपण मारणाऱ्यांकडे बघत बसलो असतो, इथे बघावं लागतं ते मागे उरलेल्या पोराकडे.

शेवटी आपण लावलेला अर्थ एकदा ठोकून बघायचा, हे पात्र वाचलं असतं तर पिक्चरचं काय बिघडलं असतं? काहीच नाही असं उत्तर आलं तर खरंच उगाच मारलेलं असू शकतं, तसंही होतं, ओढूनताणून डीप करायची गरज नाही. पण 'सायको'त मॅरियन वाचली असती तर सकाळी पैसे घेऊन परत निघाली असती, आणि नॉर्मन म्हणजे रात्री सँडविच खाऊ घालणारा एक लाजरा पोरगा, एवढंच आपल्या लक्षात राहिलं असतं.