सोसायटीत ड्रोन उडवायचाय? आधी नकाशा, मग सेक्रेटरी

सोसायटीत ड्रोनवरून भांडण होतं ते आवाजामुळे कमी, कॅमेऱ्यामुळे जास्त. अठराव्या मजल्यावर पडदे उघडे ठेवून राहणाऱ्यांच्या खिडकीसमोर अचानक ड्रोन भुणभुणला, तर तुम्ही सूर्यास्त टिपत होतात यावर कोण विश्वास ठेवणार?

पण सेक्रेटरींकडे जाण्याआधी 'डिजिटल स्काय' या सरकारच्या ड्रोन पोर्टलवरच्या नकाशात आपली इमारत शोधा. विमानतळाच्या हद्दीपासून 5 किमीपर्यंत लाल क्षेत्र, तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही. 5 ते 8 किमी पिवळं, तिथे एटीसीची, म्हणजे विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. 8 ते 12 किमीमध्ये 200 फुटांपर्यंत आणि त्यापुढच्या हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत परवानगीविना उडवता येतं. डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली. त्यामुळे उलवे-कामोठेकरांनी हा नाद सोडलेलाच बरा, आणि खारघर-बेलापूरकरांनी नकाशा पाहिल्याशिवाय बॅटरीसुद्धा चार्ज करू नये. ठाण्यात येऊर आणि कोलशेतला हवाई दलाचे तळ आहेत, शिवाय राष्ट्रीय उद्यान खेटून, म्हणून तिथेही आधी नकाशा. पोलीस आयुक्तालयंही अधूनमधून ड्रोनबंदीचे आदेश काढतात. त्या दिवसाचा आदेश स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो. हौसेसाठी उडवत असाल तर दोन्हींना पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. ड्रोनचा नोंदणी क्रमांक मात्र घ्या, शुल्क 100 रुपये. मायक्रोला थर्ड पार्टी विमाही हवा. नियम मोडल्यास दंड 1 लाखापर्यंत जाऊ शकतो.

आता सोसायटी. आकाशाचे नियम केंद्राचे असले तरी पोडियम (पार्किंगवरचं सामायिक अंगण) आणि गच्ची सोसायटीची, तिथून उडवायचं तर कमिटीची परवानगी हवी. तोंडी 'हो' वर जाऊ नका. कमिटी बदलली की तो 'हो' कुणालाच आठवत नाही. साधा अर्ज द्या:

"मा. सेक्रेटरी, रविवारी सकाळी साडेसात ते आठ या वेळेत मागच्या मोकळ्या बाजूला माझा ड्रोन उडवण्यास परवानगी मिळावी. कॅमेरा इमारतींकडे वळवणार नाही. कोणी मागितल्यास रेकॉर्डिंग लगेच दाखवीन. नुकसान झाल्यास भरपाई माझी."

पोच घ्या, आणि आदल्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वेळ टाका. वॉचमनलाही सांगून ठेवा, तक्रारीचा पहिला इंटरकॉम त्यालाच येतो. उडवताना मुलं गोळा होतीलच. स्क्रीन त्यांना बघू द्या. काय दिसतंय ते घरोघरी तीच सांगतात. आणि खिडकीतून कोणाचं खासगी चित्रण झालं, तर प्रकरण कमिटीपुरतं राहत नाही. स्त्रीचं असं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे.

प्रत्यक्ष उड्डाणात पोडियमचा स्लॅब दगा देतो. आतल्या सळ्यांमुळे ड्रोनचा कंपास बिघडतो, म्हणून शक्यतो मातीच्या जागेवरून उडवा. टॉवरांच्या मधोमध जीपीएस कमजोर पडतं, तिथे 'रिटर्न टू होम'वर, म्हणजे ड्रोन आपोआप परत येण्याच्या सोयीवर विसंबू नका. तरीही ड्रोन ज्या उंचीवरून परत येतो, ती उंची सेटिंगमध्ये आजूबाजूच्या इमारतीपेक्षा जास्त ठेवा: तीस मजले म्हणजे जवळपास 90 मीटर, वर पाण्याची टाकी वेगळी. 200 फुटांची मर्यादा असेल तर एवढी उंची गाठताच येणार नाही. मग टॉवरांपासून दूर, मोकळ्या मैदानात जा. स्विमिंग पूलवरून खाली उतरवू नका, पाण्यावर खालचे सेन्सर चुकतात.

वर घारी घिरट्या घालत असतील किंवा संक्रांतीचे पतंग असतील, तर ड्रोन पेटीतच राहू द्या. पात्यात मांजा अडकला की ड्रोन सरळ खाली येतो, आणि खाली सायकल चालवणारी मुलं असतात.