स्ट्रिंगचा तुकडा काढताय? या चुका टाळा

स्ट्रिंगमधून, म्हणजे प्रोग्राममधल्या मजकुरातून, हवा तेवढा भाग काढणं प्रोग्रामिंग शिकताना अगदी सुरुवातीला येतं, पण त्यातला घोळ नोकरीला दहा वर्षं झाली तरी संपत नाही. याचं कारण म्हणजे एरर फार क्वचित येते. बहुतेक वेळा चुकीचा तुकडा मुकाट्याने डेटाबेसमध्ये जाऊन बसतो आणि महिन्याभराने कुणाच्या तरी रिपोर्टमध्ये सापडतो. म्हणून खाली ओरडणाऱ्या चुकांपेक्षा गप्प बसणाऱ्या चुकांबद्दल जास्त लिहिलं आहे.

(उदाहरणांतले आकडे देवनागरीत आहेत, कोडमध्ये इंग्रजी आकडेच टाका. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला ‘नाव’ असं मराठी नाव देता येतं, पण ४ हा आकडा देवनागरीत लिहिलात तर सिंटॅक्स एरर ठरलेली.)

आकडा कुठून मोजायचा आणि दुसरा आकडा कशाचा

बँकेचा आयएफएससी कोड घ्या. एकूण ११ कॅरेक्टर: पहिली ४ बँकेची, पाचवं शून्य, शेवटची ६ शाखेची. शाखेचा भाग हवा असेल तर पायथनमध्ये कोड[५:११], कारण मोजणी शून्यापासून होते आणि शेवटचा आकडा तुकड्यात धरत नाहीत. जावाच्या सबस्ट्रिंग या फंक्शनलाही ५ आणि ११ द्यायचे. सी-शार्पमध्ये फंक्शनचं नाव तेच, पण दुसरा आकडा लांबीचा, म्हणून ५ आणि ६. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, मोजणी एकपासून, म्हणून ६ आणि ६.

जावातून सी-शार्पमध्ये आलेला माणूस सवयीने ५, ११ लिहितो. स्ट्रिंग तेवढी लांब नसते, प्रोग्राम लगेच कोसळतो आणि चूक दोन मिनिटांत सापडते. खरी पंचाईत उलट दिशेने येणाऱ्याची. जावात ५, ६ लिहिलं की एकच कॅरेक्टर हाती लागतं आणि तक्रार कुणीच करत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये सुरुवात ० दिली तर रिकामी स्ट्रिंग मिळते. ओरॅकल हा डेटाबेस मात्र त्याच ० ला १ समजून चालवून घेतं.

जावास्क्रिप्टमध्ये या एका कामाला तीन फंक्शनं आहेत. त्यातलं सबस्ट्र आता फक्त जुन्या कोडसाठी उरलंय, ते विसरा. सबस्ट्रिंगला ऋण आकडा दिला तर ते तो शून्य धरतं, आणि पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर दोघांची परस्पर अदलाबदल करतं. इतकी समजूतदार फंक्शनं मला नकोत. स्लाइस वापरा, त्यात -३ म्हणजे शेवटून तिसरं.

सापडलंच नाही तर?

ईमेलमधला @ च्या आधीचा भाग काढायचाय. पायथनमध्ये फाइंडने @ ची जागा शोधायची आणि तिथपर्यंत कापायचं, हे सगळेच लिहितात. पण @ नसेलच तर फाइंड -१ देतं, आणि ईमेल[:-१] हा पायथनच्या दृष्टीने अगदी कायदेशीर तुकडा आहे: शेवटचं कॅरेक्टर सोडून बाकी सगळं. कुणी ईमेलच्या रकान्यात मोबाइल नंबर टाकला तर त्या १० अंकांपैकी ९ अंक वापरकर्त्याचं नाव म्हणून साठवले जातात. जावास्क्रिप्टमध्ये हाच प्रकार स्लाइसने केला तर शेवटचं कॅरेक्टर जातं आणि सबस्ट्रिंगने केला तर हातात काहीच येत नाही.

फाइंडऐवजी इंडेक्स वापरा, न सापडल्यास ते एरर देतं. किंवा पार्टिशन, जे आधीचा भाग, @ आणि नंतरचा भाग असे तीन तुकडे देतं. मधला रिकामा असेल तर समजायचं काय ते. मुळात खूण ठरलेली असताना आकडे मोजत बसू नये, खुणेवरच तोडावं.

स्ट्रिप म्हणजे शब्द काढणं नव्हे

नावापुढचं ‘श्री. ’ काढायला पायथनचं एलस्ट्रिप वापरलं आणि नाव निघालं ‘श्री. शरद’. उत्तर येतं ‘द’. एलस्ट्रिपला तुम्ही दिलेला शब्द कळत नाही, त्यातली सुटी चिन्हं कळतात. श, र, टिंब, स्पेस जे जे सुरुवातीला दिसेल ते सगळं ते उडवतं. पायथन ३.९ पासून रिमूव्हप्रीफिक्स आणि रिमूव्हसफिक्स आहेत, तीच वापरा.

मराठी मजकूर कापताना

‘कोल्हापूर’ची लांबी पायथनला विचारली तर ९ येते. आपल्याला को, ल्हा, पू, र अशी चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला आकडा देणारी पद्धत) काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र कोडपॉइंट, म्हणजे स्वतंत्र आकडे, आहेत आणि पायथन तेच मोजतो. म्हणून नाव[०:४] मागितलं की ‘कोल्’ मिळतं, आणि ‘मुंबई’चं पहिलं चिन्ह वगळलं तर उरलेला तुकडा उकारापासून सुरू होऊन ठिपक्यांच्या गोलासह दिसतो. प्रोफाइलच्या गोलात ‘श्रद्धा’चं आद्याक्षर नुसतं ‘श’ दिसतं, ते याच हिशोबाने.

ही पायरी त्यातल्या त्यात बरी. गो भाषेत स्ट्रिंग बाइटने कापली जाते. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचे आकडे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे ‘कोल्हापूर’ २७ बाइट. पहिले ४ बाइट घेतले तर ‘क’ आणि पुढे ओकाराचा मोडका तुकडा. रस्ट भाषेत हेच केलं तर प्रोग्राम जागच्या जागी पॅनिक होतो, म्हणजे थांबतो, जे मला जास्त आवडतं. पीएचपीचं साधं सबस्ट्र बाइट मोजतं, एमबी-सबस्ट्र कोडपॉइंट मोजतं, आणि इंटल एक्स्टेन्शनमधलं ग्राफीम-सबस्ट्र अख्खी अक्षरं.

जावा आणि जावास्क्रिप्ट १६ बिटांची एककं मोजतात. देवनागरी चिन्ह एका एककात बसतं, त्यामुळे इथे निभावतं. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आली ती १६ बिटांत न मावणाऱ्या वरच्या पट्ट्यात. तिचं प्रत्येक चिन्ह दोन एककांचं, इमोजीसारखं. मध्येच कापलं की प्रश्नचिन्हाचा चौकोन.

उपाय अक्षर-समूहाने, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या अख्ख्या अक्षराने, कापण्याचा. पायथनमध्ये रेजेक्स हे वेगळं मॉड्यूल बसवा (सोबत येणाऱ्या आरईला हे जमत नाही), जावास्क्रिप्टमध्ये इंटल-सेगमेंटर. तरीही एक खाच आहे: ‘ल्हा’सारखं जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या मूळ नियमांत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीची लायब्ररी ‘कोल्हापूर’चे पाच तुकडे करू शकते. आवृत्ती बघूनच विश्वास ठेवा.

डोळ्यांना तेच दिसतं, फाइंडला दिसत नाही

‘दऱ्या’मधला अर्धा र तीन प्रकारे साठवलेला असू शकतो: (१) ऱ हा एक कोडपॉइंट आणि हलन्त; (२) र, नुक्ता (खालचं टिंब) आणि हलन्त; किंवा (३) र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सारखेच. शोध फसतो, -१ येतो, आणि वरचा ईमेलवाला प्रकार इथेही घडतो. पहिले दोन एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची रीत) एक होतात, तिसरा होत नाही. तो तुम्हालाच बदलून घ्यावा लागतो. शंका आली की स्ट्रिंगची लिस्ट करून छापा, किंवा पायथनचं एएससीआयआय फंक्शन लावा. लिस्टमध्ये चिन्हं सुटी दिसतात, आणि एएससीआयआयने प्रत्येक देवनागरी चिन्हाचा आकडा समोर येतो.

कोडमध्ये सगळं बरोबर असूनही नाव अडत असेल तर डेटाबेसचा रकाना बघा. मायएसक्यूएलमध्ये वारकॅर (मजकुराच्या रकान्याचा प्रकार) २० म्हणजे २० कॅरेक्टर. ओरॅकलमध्ये वारकॅर-२ ला नुसतं २० दिलं तर डीफॉल्टने ते २० बाइट होतात, म्हणजे जेमतेम ६ देवनागरी चिन्हं. ‘कोल्हापूर’ त्यात मावत नाही. तिथे आकड्यापुढे ‘कॅर’ लिहावं लागतं.