आवडता विषय सांगताना जरा जपून

एमएस्सी प्रवेशाच्या माझ्या पहिल्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "आवडता विषय कोणता?" मी म्हटलं, "जेनेटिक्स." "त्यातलं काय?" "डीएनएचं रेप्लिकेशन, म्हणजे त्याची प्रत कशी बनते ते." इथवर सगळं घोकलेलं होतं. मग सरांनी विचारलं, "ते सेमीकन्झर्व्हेटिव्ह असतं, म्हणजे प्रत्येक प्रतीत एक धागा जुना आणि एक नवा, हे कशावरून?"

"मेसेल्सन आणि स्टाल, १९५८."

"नावं राहू द्या. फळ्यावर या आणि प्रयोग सांगा."

मी मार्कर घेतला. जिवाणू आधी जड नायट्रोजन-१५ वर वाढवले, मग साध्या नायट्रोजन-१४ वर आणले. एका पिढीनंतर डीएनए घनतेनुसार वेगळा केला, तर त्याचा एकच पट्टा, जड आणि हलक्याच्या बरोबर मधोमध. मी तो काढला आणि विजयी चेहऱ्यानं मागे वळले.

"म्हणजे सिद्ध झालं?"

"हो सर."

"जुन्या-नव्या डीएनएचे तुकडे नुसते एकमेकांत मिसळले असते, तरी पट्टा मधोमधच आला असता की."

माझा हात तिथेच थांबला. उत्तर दुसऱ्या पिढीत होतं: तिथे दोन पट्टे दिसतात, अर्धा डीएनए मधल्या जागी आणि अर्धा हलक्या. तुकड्यांची सरमिसळ असती, तर पट्टा एकच राहिला असता, फक्त हलक्याच्या बाजूला सरकलेला. ती आकृती मी कितीदा पाहिली होती, पण 'तसं नसतं तर काय दिसलं असतं?' हे एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. निवड झाली नाही, आणि खरं सांगायचं तर व्हायलाही नको होती.

पुढच्या मुलाखतीला मी अख्खा अभ्यासक्रम उजळायचा नाद सोडला. चारच विषय घेतले आणि प्रत्येकाखाली 'कशावरून?' लिहीत खाली खाली गेले. दोन-तीन पायऱ्यांत पुस्तक संपतं आणि आपणच उरतो. पॅनेलला तिथेच यायचं असतं. त्यात खुन्नस नसते. पाठांतर कुठे संपतं हे त्यांना बघायचं असतं. इतिहासवाल्या मैत्रिणीचा अनुभवही हाच, फक्त तिथे प्रयोगाच्या जागी पुरावा.

अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं निवेदन मात्र शत्रूच्या नजरेनं वाचा. त्यात लिहिलेला प्रत्येक तांत्रिक शब्द म्हणजे आपणच पुरवलेला प्रश्न. मी 'पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) केलं आहे' असं लिहिलं होतं. "निगेटिव्ह कंट्रोलमध्ये काय घातलं होतं?" डीएनएऐवजी पाणी, म्हणजे तिथे काहीच दिसायला नको. "त्यात पट्टा दिसला असता तर?" बाहेरचा डीएनए कुठल्या तरी द्रावणात शिरलाय, म्हणजे बाकीच्या नमुन्यांवरही भरवसा नाही. हे मला आलं, कारण आदल्या आठवड्यात प्रकल्पाची वही काढून प्रत्येक नळीत काय आणि का, हे मैत्रिणीला मोठ्यानं समजावलं होतं. मनातल्या मनात सगळं येतं हो, तोंडानं बोलताना अडखळतं. आरशासमोर सराव करू नका. आरसा उलटा प्रश्न विचारत नाही.

अडलात तर 'माहीत नाही' म्हणा, पण तिथेच गप्प बसू नका. 'हे मला माहीत नाही, पण डीएनएवर ऋण भार असतो, तेव्हा वीज सोडली की तो धन टोकाकडे जायला हवा' असं हाताशी आहे तिथून सुरू करा. पॅनेलमधलं कुणीतरी बहुतेक वेळा एखादी सूचना पुढे करतं. ती ऐका. स्वतःचं वाक्य पूर्ण करायच्या घाईत मी अशी एक सूचना चक्क हुकवली आहे.

'इथेच का?' याला 'नामांकित संस्था' हे उत्तर देऊ नका. विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांचा एक शोधनिबंध, निदान सारांश आणि एक आकृती, नीट समजून घ्या. पाचांची नावं घेण्यापेक्षा ते बरं. कागदपत्रं आदल्या रात्री लावून ठेवा, कपडे बसताना टोचणार नाहीत असे घाला. याहून जास्त विचार त्यात नको.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं दुसऱ्या मुलाखतीत मॅडमनी विचारलं. मला खरंच पडलेला प्रश्न होता: मेसेल्सन आणि स्टालना ते पट्टे दिसले कसे? डीएनए तर रंगहीन. मॅडम म्हणाल्या, "डीएनए अतिनील किरण शोषतो, त्याचे फोटो काढले," आणि मार्कर घेऊन स्वतःच फळ्याकडे गेल्या.