कोंबड्या मऊ कवचाची अंडी घालत होत्या: माझा अनुभव

नाशिकला मखमलाबादजवळ आमच्या परसात चार कोंबड्या. एप्रिलपासून अंडी मऊ, हातात घेताच फुटणारी. खाद्याची गोणी बदलली, पाण्यात कॅल्शियमचं औषध घातलं, फरक शून्य. वैताग आला नुसता. चूक माझीच: दिवसभर शिळा भात नि बाजरी टाकत होतो, मग लेअर खाद्याला, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या कॅल्शियमवाल्या खाद्याला, तोंड कोण लावणार?

आधी भात बंद, बाजरी मूठभरच. मग शिंपल्याचा चुरा, खाद्यात न मिसळता, वेगळ्या वाटीत, दुपारी चारनंतर. कवच बनायला सुमारे 20 तास लागतात, बरंचसं रात्रीच बनतं. चुरा खड्यासारखा हवा, पीठ नको. खडा पोटात सावकाश विरघळतो, म्हणून रात्रीही कॅल्शियम मिळत राहतं. शेवटी खुराडं वांग्याच्या वाफ्याजवळून आंब्याच्या सावलीत हलवलं, कारण उन्हाने धापा टाकल्या की कवच पातळ होतं. बाराव्या दिवशी टणक अंडं मिळालं.